छोटा गिअर

"आये, हलू नगंस, गप बस," हे एवढं म्हणाले आणि गाडी मागं सरकायला लागली.

बाजारातनं परत येताना नळीचा चढ लागून आम्ही नुकतंच पहिलं वळण घेतलं होतं. इंजिन एकाएकी मोकळं सुटल्यासारखं बोंबललं, पण चाकं पुढं जाईनात. मग तीच चाकं उलटी फिरायला लागली. मागच्या बाकांवरची माणसं एकमेकांच्या अंगावर गेली, कुणाच्या तरी पाटीतली कोंबडी ओरडली. हे ब्रेकवर अक्षरशः उभे राहिले, हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठं गाडी कडेच्या दगडाला टेकून थांबली. त्या दगडापलीकडं करवंदीच्या जाळ्या आहेत आणि जाळ्यांच्या खाली काही नाही, नुसती दरी.

"उतरा सगळी. सावकाश उतरा," हे म्हणाले. आवाज शांत होता, पण मानेवरनं घाम निथळत होता.

हे म्हणजे माझे मालक, रंगराव. आमची सडेवाडी डोंगरावर, सड्यावर म्हणजे माथ्याच्या सपाट कातळावर वसलेली. खाली हायवेचा फाटा, तिथंच बाजार, तिथंच दवाखाना. मधे नळीचा चढ. एसटीनं त्या चढाला कधीच हात जोडले होते, त्यामुळं वर-खाली करायचं तर आमच्या गाडीशिवाय गत नव्हती. पुढची सीट बायकांची आणि म्हाताऱ्यांची, हा ह्यांचा नियम. ह्यांच्या शेजारी मधे माझ्या सासूबाई बसायच्या, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. दाराजवळ मी.

गाडी चारी चाकांनी ओढणारी. तिला दोन दांडे. एक नेहमीचा गिअरचा, त्याला चिकटून दुसरा, छोटा. चढाच्या पायथ्याशी थांबायचं आणि तो छोटा पुढं ढकलायचा, म्हणजे चारी चाकं जोर लावतात आणि गाडी मुंगीच्या चालीनं पण न अडखळता वर जाते. ते काम खालची एक लोखंडी पेटी करते. तिला ट्रान्सफर केस म्हणतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पण छोटा दांडा पुढंही नाही आणि मागंही नाही, असा मधेच राहिला, तर इंजिनाचा जोर एकाही चाकाला पोचत नाही. मोठा गिअर पहिल्यात असो नाहीतर दुसऱ्यात, गाडी आपली मोकळी.

माणसं उतरल्यावर ह्यांनी आत बघितलं. छोटा दांडा मधे उभा होता.

"म्या पुढं टाकला होता. शालन, तू बघितलंस न्हवं?"

"बघितलं."

"मग ह्यो मधी कसा आला? कुणाचा हात लागला?"

आत्याबाई पिशवी छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. माझा तर हात दाराच्या कडीवर होता.

हे त्या दांड्याकडं बघतच हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "जालिंदरनं केलंय हे."

जालिंदर म्हणजे माझे धाकटे दीर. हे नाव आमच्या घरात निघत नव्हतं, त्याची कथा अशी. आधी ही गाडी दोघं भाऊ मिळून चालवायचे. एकदा फाट्यावर गाडी गच्च भरली असताना भावजी गाडीखालनं बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, ब्रेक बरोबर न्हाईत. आज माणसं नको नेऊस." हे म्हणाले, काही होत नाही, मी चालवतोय. तर भावजींनी माणसांनाच सांगितलं, उतरा. माणसं उतरली. चारचौघांत भावानं आपल्याला खोटं पाडलं, हे ह्यांच्या मनाला असं लागलं की त्या दिवशी ह्यांनी त्यांना सांगितलं, पुन्हा माझ्या गाडीला हात लावायचा नाही. भावजी घर सोडून गेले. फाट्यावरच्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला लागले आणि तिथंच खोली घेऊन राहिले. दोघांचं बोलणं बंद झालं ते झालंच.

आणि आता नशीब बघा. कंपनीचा फोन आला की तुमच्या गाडीच्या ट्रान्सफर केसमधला एक भाग कच्चा निघालाय, त्या सालातल्या सगळ्या गाड्या परत मागवल्यात, आणून द्या, फुकट बदलून देतो. हे नको नको म्हणत होते. पण फोन पुन्हा पुन्हा यायला लागला, तेव्हा नाइलाजानं नेऊन दिली. गाडी कुणाच्या हातात गेली असेल? भावजींच्याच. परत आली तेव्हा छोटा दांडा एका बोटानं हलत होता. आधी तोच दांडा टाकायला ह्यांना खांदा लावावा लागायचा. "बघ, कसा मऊ झालाय," असं हेच मला कौतुकानं दाखवत होते. आणि त्याच आठवड्यात हा प्रकार.

"ब्रेकवरनं मला खोटं पाडलं, आता गाडीवरनं पाडायचंय त्याला," हे म्हणाले. "जुनाच पार्ट परत बसवला असंल."

आता माझं सांगते. मी जन्माची संशयी. माहेरी मला फौजदारीण म्हणायचे. दळण गिरणीतनं आलं की मी पीठ चाखून बघणार, साडीवाला आला की साडी उलटी करून बघणार. सगळे नावं ठेवतात, ठेवू देत. पण संशय घ्यायचा तर नीट घ्यावा, अर्ध्यात सोडू नये, एवढं मला कळतं. ह्यांचं बोलणं मला पटलंही आणि नाहीही. भावजी रागीट होते, पण जिच्यात आपली आई बसते त्या गाडीत कुणी असं करेल का? दुसरं मन म्हणायचं, माणसाचं काय सांगावं.

पुढच्या बाजाराला तेच झालं. तोच चढ, दुसरं वळण. या वेळी दगडापर्यंत जायच्या आत ह्यांनी गाडी धरली, पण शाळेच्या मास्तरीणबाई खाली उतरल्या त्या पुन्हा चढल्याच नाहीत. चालत वर आल्या. दुसऱ्या दिवशी सरपंच घरी आले. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि जाता जाता म्हणाले, "रंगराव, राग मानू नका. पण पुन्हा असं झालं तर खालच्या गावची जीप बोलवावी लागंल. माणसांच्या जिवाचा प्रश्न हाय."

हे रात्री जेवले नाहीत. ज्या माणसानं वीस वर्षं त्या चढावर एकाला ओरखडा येऊ दिला नाही, त्याला हे ऐकून घ्यावं लागलं. मला फार वाईट वाटलं.

हे वर्कशॉपमध्ये गेले. तिथले लोंढे साहेब मोठे सुपरवायझर. ते स्वतः गाडी घेऊन चढावर आले. भर दुपारी, रिकाम्या गाडीत, शेजारी फक्त हे. वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. दांडा हलला नाही.

"गाडी ठणठणीत आहे," साहेब म्हणाले. "तुमचा हात बदला."

"हात तोच हाय साहेब. पार्ट बदललाय."

"मग काय, आमच्या कुणी मुद्दाम केलं म्हणता?" साहेब चिडले. "तसं असेल तर नाव सांगा. त्याला समोर उभा करतो, त्याच्या तोंडावर सांगा. त्याच दिवशी घरी पाठवतो. पण मागनं कुजबुज नको."

ह्यांनी गाडी काढली. घरी येऊन मला म्हणाले, "जिभेवर आलं होतं. आजच्यापुरतं गिळलं. आता आणि एकदा गाडी मागं आली, की नाव घेणार. मग त्याची नोकरी जाऊ दे न्हाईतर आमचं नातं जाऊ दे."

आत्याबाई चुलीपुढं होत्या. त्यांनी ऐकलं. त्यांच्या हातातली भाकरी तव्यावर करपली, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मी विचार करत बसले. गाडी रोज वर-खाली करते. सोमवारी, मंगळवारी, रोजच शहाण्यासारखी चढते. मागं येते ती बाजाराच्या दिवशीच. का? बाजाराच्या दिवशी ती फाट्यावर चिंचेखाली दिवसभर उभी असते. हे चहाच्या टपरीवर. वर्कशॉप हाकेच्या अंतरावर. कुणी येऊन खाली हात घालून गेलं तर कुणाला कळणार? ठरवलं, या बाजाराला गाडीवर डोळा ठेवायचा.

मी अंडी घेऊन बसायची ते पार भाजीवाल्यांच्या ओळीत. त्या दिवशी चिंचेसमोरच बसकण मांडली. गिऱ्हाईक आलं तरी माझे डोळे गाडीच्या चाकांखाली. दुपारपर्यंत गाडीजवळ एक कुत्रं सोडून कुणी फिरकलं नाही.

आणि मग मला आत्याबाई दिसल्या. हातात त्यांची निळी वायरची पिशवी, रिकामी. इकडं तिकडं बघत चालल्या होत्या पिठाच्या गिरणीमागं. बाजार इकडं, ही बाई तिकडं कुठं? मी शेजारणीला म्हटलं, "माझ्या अंड्यांकडं बघ गं जरा," आणि गेले मागनं.

गिरणीच्या भिंतीआडनं बघितलं. भावजी उभे होते, वर्कशॉपच्या निळ्या कपड्यात. आत्याबाईंनी त्यांच्या तोंडावरनं हात फिरवला. भावजींनी पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांनी उचलून पिशवीत घातलं. उचलण्यावरनंच कळत होतं, जड आहे. वरनं बटाटे टाकले. मग म्हणाले, "दादाला कळू देऊ नकोस, आये. आजच्या आज गाडीत गेलं पायजे."

 गाडीत काय जायला पाहिजे? आणि दादाला का कळू द्यायचं नाही? भावजींवर संशय होता तोवर ठीक होतं, पण आत्याबाई? दोन लेकांतल्या एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला खड्ड्यात घालतेय का ही म्हातारी? मी रडायच्या बेतात आले होते, पण रडले नाही. परत येऊन अंडी मोजली.

गाडी सुटायच्या वेळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्याबाई, काय काय घेतलं बाजारात?"

"काय न्हाई बाई. बटाटं."

"एवढीच पिशवी लोंबायला लागली बटाट्यानं?"

"स्वस्त होतं."

खोटं बोलताना त्यांना माझ्याकडं बघता येईना. आम्ही बसलो. पिशवी त्यांच्या मांडीवर. मी ठरवलं, काही झालं तरी त्या पिशवीवरची नजर काढायची नाही.

पायथ्याशी हे थांबले. "आये, पाय आवर," म्हणून छोटा दांडा पुढं ढकलला. गाडी चढाला लागली. आत्याबाईंचे गुडघे कायम दुखायचे. त्यांनी पिशवी मांडीवरनं उचलली, तिचे दोन्ही बंद त्या छोट्या दांड्याच्या मुठीखाली अडकवले आणि वरनं पदर पसरला. त्यात मला वावगं काही वाटलं नाही. आमच्या गाडीत कुणी आरशाला पिशवी अडकवायचं, कुणी दाराच्या हँडलला. पदर मात्र खुपला. झाकायचं कशापायी?

पहिलं वळण आलं. चढ उभा झाला तशी पदराखाली पिशवी मागं झुकली. एक खड्डा आला, पिशवीनं हिसका घेतला, आणि पदराखालचा तो दांडा कुणीतरी ओढावा तसा मागं आला. इंजिन बोंबललं.

हे ब्रेकवर उभे राहिले. मागं आरडाओरडा झाला. आत्याबाईंनी भीतीनं काय केलं? पिशवी दांड्यावरनं काढली आणि छातीशी धरली. दर वेळी तसंच केलं असणार. ह्यांनी खाली बघितलं तेव्हा दांडा मधे उभा होता, मोकळा, आणि त्याच्या आसपास काहीही नव्हतं.

मी मात्र बघितलं होतं.

"झालं," हे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "उद्या सकाळी लोंढे साहेबांपुढं नाव घेणार. आये, तुला वाईट वाटंल. पण आता माझ्या हातात काय न्हाई."

मी तिथं बोलले नाही. गाडीत सरपंचांचा भाऊ होता, निम्मं गाव होतं. म्हातारीनं मुद्दाम दांडा ओढला, असंच गावभर झालं असतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तोवर तिची खात्री नव्हती. पिशवीत काय आहे ते आधी बघायचं होतं.

घरी पोचल्यावर आत्याबाई पिशवी घेऊन घाईनं गोठ्यात गेल्या. मी मागोमाग.

"द्या इकडं. जड हाय."

"असू दे गं."

"द्या म्हणते न्हवं."

बटाटे बाजूला सारून मी पोतं उलगडलं. आत लोखंडाचे दोन तिरपे ठोकळे. चढावर गाडी थांबली की चाकामागं लावायला असतात तसे, वर्कशॉपमधल्या भंगारातनं जोडलेले, कडा घासून गुळगुळीत केलेले. मी ठोकळे हातात घेऊन नुसती बघत राहिले.

"जालिंदरनं केल्यात," आत्याबाई म्हणाल्या. आता त्या रडतच होत्या. "गाडी मागं येती म्हणून कळलं त्याला. म्हणला, दगडावर भरवसा नको, ह्ये टेकव. आणि दादाला सांग, मामानं दिलं."

माझे मामेसासरे फाट्यावरच राहायचे.

"आणि मागच्या बाजाराला काय होतं पिशवीत?"

"ब्रेकच्या पट्ट्या. आणि त्याच्या आदी तेलाचा डबा, त्या खालच्या पेटीत घालायचा. ती गाडी कंपनीत गेली तवा ह्यानं खालनं सगळी बघितली बाई. तेल करपलेलं, पट्ट्या झिजलेल्या. दादाला सांगावं तर दादा आयकायचा न्हाई. मग माझ्याजवळ दिलं. रंगानं बसवलं बी. मामानं दिलंय म्हटल्यावर बसवलं."

"मला का सांगितलं नाही?"

"तुला?" म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. "तू मामाच्या घरी जाऊन इचारून आली असतीस."

आली असते, हे खरंच.

मी गोठ्यातल्या खांबाला टेकले. भावाच्या गाडीला काही होऊ नये म्हणून भाऊ तेल पाठवत होता, पट्ट्या पाठवत होता, आणि त्याच ओझ्यानं गाडी मागं येत होती. गाडी मागं येते म्हणून त्यानं आणखी जड लोखंड पाठवलं. आणि हे सगळं लोंबत होतं ते आईच्या हातच्या पिशवीत. हे या बाईला सांगायचं? दोन वेळा, तीन वेळा गाडीभर माणसं दरीच्या तोंडाशी नेली ती तुम्ही, तुमच्या धाकट्याच्या मायेनं, तुमच्या थोरल्याच्या गाडीत? त्या रात्रीनंतर ती जेवली नसती. मी नाही सांगितलं.

ह्यांना सांगून बघितलं. "अहो, दांड्याला पिशवी अडकली तर निसटत असंल का?"

"जन्मभर माणसं पिशव्या अडकवत्यात. कधी निसटला?"

"आता मऊ झालाय न्हवं तो."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला पुढचं बोलवेना. "तुला जालिंदरनं गाठलंय का गं?" म्हणाले.  आता मी काही बोलले तरी ती त्याचीच बाजू ठरणार होती. काय ते डोळ्यांनीच बघायला हवं होतं.

सकाळी हे निघाले तशी मीही निघाले. "अंडी राहिल्यात थोडी," म्हटलं. आत्याबाईंची निळी पिशवी उचलली. त्यांनी स्वतःच विणलेल्या तशा दोन पिशव्या घरात होत्या, एक त्यांची, एक माझी, सारख्याच. त्यांच्या पिशवीचा एक बंद तुटला होता आणि त्यावर पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, एवढाच काय तो फरक. आत वरवंटा घातला आणि वर थोडे बटाटे.

वर्कशॉपात साहेबांनी आमच्या गाडीवर काम केलेल्या सगळ्या पोरांना बोलावलं. त्यांत भावजीही हात पुसत येऊन उभे राहिले. दोन वर्षांनी दोघं भाऊ समोरासमोर. भावजी बारीक झाले होते. ह्यांनी घसा साफ केला.

"साहेब, तुम्ही म्हणला होता, नाव त्याच्या तोंडावर सांगा."

"सांगा."

"थांबा जरा," मी म्हटलं. "आधी गाडी त्या मागच्या चढावर घ्या."

वर्कशॉपच्या मागं गाड्या वर चढवायचा सिमेंटचा उतार होता. साहेबांना आवडलं नाही, ह्यांना तर मुळीच नाही. "तू मधी पडू नकोस," हे म्हणाले.

"एकदा घ्या. मग हवं त्याचं नाव घ्या, मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

माझ्या बोलण्यात काय होतं कोण जाणे, हे बसले. साहेब दारापाशी, मी मधे, आत्याबाईंच्या जागेवर. ह्यांनी छोटा दांडा पुढं टाकला. मी पिशवी त्याला अडकवली आणि हात मांडीवर ठेवले. उताराच्या तोंडाशी एक उंबरा होता. चाक त्यावर आपटलं, पिशवी मागं झुलली, दांडा सुर्रकन मधे आला. इंजिन ओरडलं, गाडी मागं आली. ह्यांनी ब्रेक लावला.

 साहेबांनी वाकून दांडा पुढं केला, पिशवीला हलकेच ओढलं. दांडा पुन्हा मधे.

"ही पिशवी कुणाची?" साहेबांनी विचारलं.

भावजी खिडकीपाशी आले होते. त्यांनी पिशवी बघितली. ती पिवळी चिकटपट्टी त्यांनीच लावलेली असणार, वर्कशॉपातली. त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांना सगळं कळलं होतं, आत काय काय गेलं होतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी तोंड उघडलं.

"माझी," मी म्हटलं. "बाजारातनं येताना मीच अडकवते. आत्याबाईंच्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून मधे अडकवते."

मागं उभी असलेली दोन-तीन पोरं हसली. साहेबही हसले. "बाई, गाडीचा गिअर म्हणजे काय घरातली खुंटी आहे?"

"नाही साहेब. चुकलंच. पण आधी ह्याच गिअरला ह्यांना खांदा लावावा लागायचा. आता तो वरवंट्यानं हलतोय. उद्या कुणाच्या गुडघ्यानं हलंल."

साहेबांचं हसू गेलं. त्यांनी भावजींकडं बघितलं.

"नव्या पार्टात दांडा धरून ठेवणारी स्प्रिंग मऊच आलीय साहेब," भावजी म्हणाले. "कंपनीनंच दिलीय तशी. सगळ्या गाड्यांत तीच हाय."

"आधीच्या स्प्रिंगा आहेत शिल्लक?"

"हायत."

"घाल मग. आणि ज्या ज्या गाड्या केल्यात त्या परत बोलावून घे." साहेब ह्यांच्याकडं वळले. "तुम्ही कुणाचं तरी नाव घेत होता."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या संसारात माझ्याकडं इतक्या रागानं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"घेत होतो," ते म्हणाले. "आता घरच्याच माणसाचं घ्यावं लागंल. जाऊ द्या."

भावजी गाडीखाली गेले. फक्त त्यांचे बूट बाहेर दिसत होते. हे बाजूला हात मागं बांधून उभे. माझ्याशी बोलायला तयार नव्हते, जागचे हलायलाही तयार नव्हते. खालनं पान्याचे आवाज येत होते. बराच वेळ गेला. मग हे उकिडवे बसले, वाकून खाली बघितलं आणि म्हणाले, "खाली गेलाच हायस तर ब्रेकबी बघून घे."

पान्याचा आवाज थांबला.

"बघितलं, दादा," भावजींचा आवाज आला. "पट्ट्या चांगल्या बसल्यात."

"मामानं दिल्या होत्या."

"मामाला कळतंय."

 दांडा दाबून बघायला ह्यांनी भावजींनाच आत बसवलं आणि स्वतः दारापाशी उभे राहिले. मी तोंड फिरवून अंड्यांची पाटी नीट करत बसले, कारण डोळे भरून आले होते.

वर येताना सगळ्या रस्त्यानं मी बोलणी खाल्ली. गाडीभर माणसं मारली असतीस, माझी अब्रू घालवलीस, स्वतःच्या भावाला मी चोर ठरवणार होतो तुझ्या पिशवीपायी. सगळं ऐकून घेतलं. गाव तर पुढं कितीतरी दिवस मला गिअरवाली म्हणत होतं. मास्तरीणबाई पुन्हा गाडीत बसायला लागल्या, त्याही बसताना आधी माझ्या हातांकडं बघायच्या.

घरी आत्याबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "काय झालं रं, रंगा? घेतलंस नाव?"

"न्हाई. त्याची काय चूक न्हाई. तुझी सून दांड्याला पिशवी अडकवत होती. तिच्या वजनानं निसटत होता."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग माझ्या हातातल्या पिशवीकडं, तिच्या पिवळ्या बंदाकडं. मी नजर चुकवून आत गेले. त्या तिथंच उभ्या राहिल्या, दिवेलागणीपर्यंत.

त्यांनी मला एका शब्दानं काही विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. ठोकळे दोन दिवसांनी ह्यांच्या हत्यारांच्या पेटीत आले. मामानं दिले म्हणून. आजही आमच्या नव्या गाडीत तेच आहेत.

पुढच्या बाजाराला भावजी स्वतः चिंचेखाली आले, ह्यांच्याबरोबर टपरीवर चहा प्यायले. परत निघताना मी नेहमीसारखी दाराशी बसायला गेले, तर आत्याबाई तिथं आधीच बसलेल्या.

"तू बस मधी," त्या म्हणाल्या. "माझं गुडघं आता तिथं ऱ्हात न्हाईत."

मी मधे बसले. त्यांनी आपली निळी पिशवी, तीच पिवळ्या बंदाची, उचलून माझ्या मांडीवर ठेवली. त्यात नुसती मेथी होती. ठेवताना त्यांचा हात माझ्या हातावर आला आणि तिथंच राहिला.

"धर," त्या म्हणाल्या. "तुझीच पिशवी हाय न्हवं."

"माझीच, आत्याबाई."

पायथ्याशी गाडी थांबली. ह्यांनी छोटा दांडा पुढं ढकलला, आता पुन्हा खांदा लावून, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पिशवी मांडीवर."

"मांडीवरच हाय रं," मी बोलायच्या आत आत्याबाईच म्हणाल्या, आणि गाडी चढाला लागली.